टाक्यांवर चुडा

कासारणीने दुसरी बांगडी लोटली, ती मनगटाच्या पट्टीत अडकली, मी ओरडले, बांगडी फुटली नि पट्टी लाल झाली. आई बोलली, "फुटली नको बोलू, वाढवली बोल. लग्नघर हाय."

रोह्याला माहेरी भावाची हळद होती. माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले. मनगटात नस दाबलेली. सातव्या महिन्यापासून बोटं बधिर. सगळ्या बोलल्या, बाळंत झालीस की जाईल. नाय गेलं. पट्टा बांधला, इंजेक्शन घेतलं, तरी नाय. मग एकदा पोरीला न्हाऊ घालताना ती हातातून सुटली नि मला कळलंच नाय, रडली तेव्हा कळलं. धुण्याच्या ढिगावर पडली म्हणून वाचली. त्याच आठवड्यात पेणला डॉक्टरकडे गेले. बोलले, नसेवरचा पडदा कापायला लागेल. कापला. टाके भिजवायचे नाय, जड उचलायचं नाय, सगळं सांगितलेलं. बांगड्या भरायच्या नाय असं कोण नाय बोललं.

आणि नवरदेवाची सख्खी बहीण चुड्याशिवाय कशी उभी राहणार? हळदीला आलेली सासू बोलली, "एक हात भुंडा ठेवून हळद लावशील व्हय?" कासारीण बोलली, "मोठ्या मापाच्या भरते गो, कळणार पण नाय." तिने अंगठा नि करंगळी धरून तळहात आवळला, तसाच आवळतात. पहिली गेली. दुसरीचं सांगितलंच.

दीर मोटरसायकलवरून पेणला घेऊन गेला. दोन टाके उसवलेले. डॉक्टरांनी विचारलं, "कोणी केलं हे?" मी बोलले, कासारणीने. नर्स हसली, डॉक्टर नाय हसले. त्यांनी माझ्या बोटाला सुई लावली. मी डोळे मिटले. आता कळलं नाय तर पोरीला या हातात परत कोण देणार, एवढंच डोक्यात. टोचलं. तोंडातून शिवी गेली. डॉक्टर बोलले, "बरं हाय, नस जिवंत हाय. परत दाबलात तर पुढचं मला सांगता नाय यायचं." नि परत टाके घातले.

रोह्याला आले तर हळद थांबलेली. माझ्यासाठी. सासूच्या कडेवर पोरगी नि हातात उरलेल्या बांगड्या. "सहा राहिल्यात. अर्धा चुडा ठेवत नाय गो." कासारीण साबणाचं पाणी करून बसलेली. पोरगी माझ्याकडे झेपावली. सासूने तिला मागे ओढली, बोलली, "आधी हात दे."

सगळ्या बायका बघत होत्या. तुम्ही असतात तर दिला असता?