जुन्या फोनला लागणारं वायफाय

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. गाळणं हातातच राहिलं... शाळेपासूनचा दोस्त. गंगाखेडला बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल-राउटरचं छोटं दुकान. महिना होत आला. आता ते शटर कायमचं पडणार, असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

त्याच्या आठवणी ढीगभर, पण आधी आठवतो तो माझ्या लेकीच्या ऑनलाइन मुलाखतीचा दिवस. त्यासाठी मी ऐटीत परभणीहून सगळ्यात नवा राउटर आणला होता. त्यातला जुना, दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचा बँड बंद ठेवला की स्पीड वाढतो, असं कुणीसं सांगितलं. मी पडलो शाळामास्तर, शहाण्यासारखा बंद केला. माझा फोन सुसाट चालला, पण लेकीच्या जुन्या लॅपटॉपला आमच्या वायफायचं नावच दिसेना. मुलाखतीला अर्धा तास उरलेला, तिचे डोळे भरलेले, आणि मी राउटरला उदबत्ती ओवाळायचाच बाकी! मिलिंद दुकान तसंच टाकून आला. सेटिंग पाहिलं आणि हसतच सुटला.

"गुरुजी, पाच गिगाहर्ट्झ लय पळतं, पण भिंत आली की दमतं. अन् ह्या लॅपटॉपला ते दिसतच न्हाई. त्याला दोन पॉइंट चारच पाहिजे. हळू चालतं, पण मागच्या खोलीपर्यंत जातं."

त्यानं दोन्ही बँड चालू केले. लेक मुलाखतीला बसली; आज पुण्यात नोकरी करते. मला मात्र तो पुढं कायम 'पाच गिगाहर्ट्झवाले गुरुजी' म्हणायचा. त्या चिडवण्याची फार आठवण येते.

परवा त्याच्या दुकानावर गेलो. माल विकून टाका, गिऱ्हाईक मी बघतो, असं त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना सांगायचं होतं. शटर अर्धं उघडं. वहिनी चष्मा लावून नवा राउटर जोडत होत्या. हातात काच तडकलेला त्यांचा जुना फोन. ताडकळसच्या एक बाई राउटर न्यायला थांबल्या होत्या.

"वहिनी, जमतंय का?"

"शिकायलेय, भाऊ. ह्यांनी मला फोन कधी बदलूच दिला न्हाई. मी रुसले की म्हणायचे, 'तुझ्या फोनला लागलं की अख्ख्या तालुक्याला लागतं.' प्रत्येक राउटर ह्याच्यावर तपासूनच द्यायचे."

फोनवर वायफायची खूण उमटली. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि राउटर खोक्यात भरून बाईंच्या हातात दिला. मी सांगायला आलेलं गिळून टाकलं आणि उरलेलं शटर वर ढकललं.