लोंबता हात

सगळी गल्ली तिला कात्री म्हणायची. एक तर वडिलांच्या मागे केस कापायचं दुकान तीच चालवायची, आणि दुसरं कारण म्हणजे तिची जीभ. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी त्याचा माज उतरायचा, मग केस. तर अशी ही बाई आरसा पुसायला स्टुलावर चढली आणि धाडकन खाली आली. उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी कोपर वाकवून दंडापासून मनगटापर्यंत जाडजूड प्लास्टर घातलं आणि मनगट पट्टीने गळ्यात अडकवलं. "हा हात नुसता लोंबला पाहिजे. प्लास्टरच्या वजनानेच हाड ओढलं जाऊन सरळ राहतं. झोपायचंसुद्धा बसून. कोपर कशावर टेकवायचं नाही."

घरी मोठा भाऊ होताच. "सुटलीस एकदाची! आता दुकान भाड्याने देऊन टाकू. माणूस बघून ठेवलाय मी." आणि वहिनी, जीव लावणारी बिचारी, ही बसल्या बसल्या पेंगली की हळूच कोपराखाली उशी सरकवायची. केवढं ते ओझं, म्हणायची! पुढच्या एक्स-रेत हाड वाकडं दिसलं. डॉक्टरीणबाई तडकल्या. पुन्हा असं दिसलं तर ऑपरेशनच, म्हणाल्या.

कात्री तिथून घरी गेलीच नाही. तडक दुकानात आली. बसूनच झोपायचं ना, मग गिऱ्हाइकाची खुर्ची काय वाईट? पण डुलकी लागली की कोपर खुर्चीच्या दांडीवर टेकणार. मग काय, डाव्या हातात पाना धरून, शिव्या हासडत, तिने उजवीकडची दांडीच उखडून काढली.

दुसऱ्या दिवशी दादा भाडेकरूला घेऊन हजर. खुर्ची बघून त्याने कपाळाला हात लावला. "मोडलीस ना? अगं, हा हात आता वस्तरा धरणार आहे का?"

"हाड मोडलंय माझं, दुकान नाही. पाहुण्यांना घरी ने आणि चहा पाज."

पाहुण्यांनी चहासाठीही वाट पाहिली नाही. ते गेल्यावर मात्र तिला रडू फुटलं. हाड वाकडंच जुळलं तर काय करायचं? पण पठ्ठीने रडतानाही कोपर टेकवलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड सरळ जुळलेलं होतं. व्यायाम करून करून हात हनुवटीपर्यंत पोचायला लागला, त्याच्या वर अजून जाईना. दाढीला तेवढा पुरतो. तिने निरोप धाडला, पहिलं गिऱ्हाईक दादाच. वहिनीने त्याला ढकलतच आणला.

एका दांडीच्या खुर्चीत दादा अंग चोरून बसला. कात्रीने फेस लावला, त्याची मान मागे टेकवली आणि उजव्या हातातला वस्तरा गळ्याशी आणला.

"हलू नकोस हं. आता बोल, दुकान कुणाला द्यायचंय?"

दादाने श्वाससुद्धा बेताने घेतला. दारात वहिनी पोट धरधरून हसत होती.