फळ्यावरची पक्की मुळाक्षरं

बंगळुरात येलहंक्याच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवते. क्लबहाउसमधली खोली आणि तिथला व्हाइटबोर्ड सेक्रेटरींच्या मेहेरबानीने फुकट मिळालेला. अट एकच, जाताना फळा कोरा करून जायचं. या वर्गात माझा स्वार्थ होता. घरात मी मराठीत विचारायचे आणि माझी मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. ते मला फार लागायचं.

एका शनिवारी नवऱ्याला मदतीचा उमाळा आला. दर आठवड्याला तीच अक्षरं काय लिहायची, म्हणून या आयटीतल्या हुशार माणसाने सगळी मुळाक्षरं परमनंट मार्करने लिहून ठेवली. वर मला कौतुकाने दाखवायला नेलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला.

"मॅडम, कल बारा बजे उसी रूम में मीटिंग है. बोर्ड साफ नहीं हुआ तो क्लास बंद. सरी?"

"सरी," मी म्हटलं. 'ठीक आहे' याशिवाय दुसरं काय म्हणणार?

नवरा म्हणाला, "नवीन बोर्ड ऑर्डर करतो ना."

"तू आता काही म्हणजे काही करू नकोस."

मी घरातलंच सामान घेऊन खाली गेले. भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं, अक्षरं ढिम्म हलली नाहीत. टूथपेस्टने एक कोपरा घासला, तर अक्षराऐवजी फळ्याची चकाकीच जायला लागली, म्हणून थांबले. करोनातला सॅनिटायझर कपाटात सापडला. त्याने अ गेला, आ गेला आणि बाटली संपली. कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी मागितली, तर दुकानदाराने मान हलवली, "इल्ला, अक्का." नाही म्हणे.

सकाळी मुलं आली तेव्हा बाकीची सगळी अक्षरं जागच्या जागी होती. पालक दारात घुटमळत होते. एकीने विचारलं, "आज सुट्टी द्यायची का?" माझं डोकंच फिरलं. वर्ग शेवटचा असला तरी पूर्ण होईल, असं मी ठणकावून सांगितलं. लिहायला जागा नव्हती, मग मुलांच्या हातात फळ्याचे साधे मार्कर दिले आणि म्हटलं, गिरवा. लहानपणी आम्ही पाटीवर गिरवायचो तसं, अक्षर मोठ्याने म्हणत.

माझ्या मुलीच्या वाट्याला ळ आला. तो तिला म्हणता येत नसे. तिची रेघ वाकडी गेली, म्हणून पुन्हा गिरवायला लावावं या हिशेबाने मी डस्टर फिरवला. तिची रेघ गेली आणि खालचा नवऱ्याचा ळसुद्धा गेला. मी बघतच राहिले. ताज्या शाईने जुनी वाळलेली शाई सैल केली होती.

मग आम्ही कोणाचं ऐकतो! मुलं गिरवत होती, ओरडत होती आणि शाई वाळायच्या आत, फोन करून खाली बोलावलेला नवरा स्वतःच्या जुन्या बनियनने पुसत होता. राहिलेल्या निळसर छटा दोनदा गिरवून काढल्या.

बाराच्या सुमाराला फळा पांढराशुभ्र झाला. मुलीने मार्कर उचलला आणि कशावरूनही न गिरवता मधोमध एक ळ काढला. वाकडाच, पण ळ. "फळा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात सेक्रेटरी दारात उभे राहिले. "मॅडम, ये?"

मी बोटानेच तो ळ पुसला. "नेक्स्ट संडे फिर लिखेंगे," मी म्हटलं.