डोमिंगोची गिटार आणि बारा ते दोनचा पहारा

मी भाजे सोडलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, देवळात गळ्यात वीणा घालून उभे होते, आणि त्यांच्या गळ्यातली ती वीणा घ्यायची पाळी माझी होती.

चैत्रातला सप्ताह, दिवस पाचवा. सप्ताहाचे सात दिवस आमच्याकडे वीणा जमिनीला टेकत नाही, हे तुम्हा भाजेकरांना सांगायला नको. पण हे इथली मोंबासाची मंडळीही वाचतील, म्हणून सांगतो. घराघराला दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले. आपल्या पहाऱ्याला उभं राहायचं, वीणा गळ्यात, नाम तोंडात. बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. पुढचा माणूस हातपाय धुऊन आला की त्याने आपल्या पाया पडायचं, आपण त्याच्या पडायचं, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. दहा ते बारा आबांचा पहारा. बारा ते दोन माझा. आणि माळवलीहून मुंबईकडची पॅसेंजर बारा वीसला.

मुंबईहून आफ्रिकेला, मोंबासाला जाणारी बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. इथल्या लोकांना मी सांगतो की कप्तानाने दोनदा तार करून विचारलं होतं, भाज्याचे फिटरसाहेब निघाले का. तसं काही नव्हतं. माझ्यावाचून ती बोट खुशाल गेली असती.

बाराला पाच कमी असताना मी आबांपुढे गेलो, पाया पडलो. पहाऱ्यावरच्या माणसाने नामाशिवाय बोलायचं नसतं. तरी दोन नामांच्या मधल्या श्वासात ते म्हणाले, "तुजा पहारा मी वढतो. माघारी यिऊन घे."

लगेच पुढचं नाम. मी ट्रंक उचलली. माळवली स्टेशनापर्यंत वीणा ऐकू येत होती असं मी इथे दहा जणांना सांगितलंय. येत नव्हती. ट्रंकेची कडी वाजत होती, तेवढीच.

आता मी गेलो कशापायी, तर एका गिटारीपायी. गावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं, की याला गोऱ्या मडमेने नादी लावलं, याने शेडातलं पितळ विकलं. दोन्ही खोटं. दोन्हींची संधी आली नाही.

लोणावळ्याच्या शेडात मी फिटर होतो. रेल्वेच्या वसाहतीत साहेबलोकांचा एक हॉल होता, आणि हॉलमागच्या हिरवळीवर रविवारी चार वाजता चहा आणि नाच चालायचा. मेंदीच्या कुंपणाच्या आत साहेब-मडमा, बाहेर आम्ही. तिथे डोमिंगो गिटार वाजवायचा. गोव्याचा माणूस, काळा सूट, केसांना इतकं तेल की शेडातल्या एका इंजिनाला पुरलं असतं. सोबत एक फिडल आणि एक ढोल असायचा, पण ते नसते तरी चाललं असतं.

तो वाजवायचा ते कसं सांगू? एकदा मुंबईकडे जाणाऱ्या मेलच्या गार्डाने हिरवा बावटा हातात धरला तो धरलाच, दाखवायचं विसरला, आणि मेल सात मिनिटं लोणावळ्यात उभी. खंडाळ्याची माकडं यायची ती हॉलच्या पन्हाळीवर वयाप्रमाणे ओळीने बसायची, थोरलं आधी. एकदा वरच्या पट्टीत त्याने असा सूर ओढला की कुंपणाबाहेर विकायला ठेवलेल्या करवंदांच्या पाट्या आपोआप पिकल्या. हे मी पाहिलंय. माकडांचं तरी नक्की पाहिलंय.

एका रविवारी त्याच्या गिटारीची खुंटी मोडली. तार ढिली पडली, नाच थांबला. मी कुंपणावरून हात घालून खुंटी मागून घेतली, शेडात पळालो आणि लेथवर तशीच पितळी कातून आणून दिली. तेव्हापासून डोमिंगो चहाच्या वेळी कुंपणापाशी यायचा. त्याची कोंकणी आणि माझी मराठी या चुलत बहिणी निघाल्या. रुसायच्या, पण बोलायच्या.

आणि मग आबा आले. मला भाकरी घेऊन भाज्याहून चालत आले होते, मुंडासं, घोंगडं, काठी सगळं घेऊन. ते कुंपणापाशी पोचायला आणि डोमिंगोने गिटार गवतावर ठेवून चहाचा कप उचलायला एकच गाठ पडली. आबांनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, कुंपणाची फट बघून आत शिरले, चाळीस जोडप्यांच्या मधून सरळ चालत गेले (आठ होती), पायताण काढलं, गिटार उचलली, पट्टा गळ्यात घातला आणि उभे राहिले.

एका साहेबाच्या कपातला चहा बशीत सांडत राहिला. डोमिंगोने हसत हात पुढे केला. आबा मागे सरले.

"आदी हात धू," ते म्हणाले. "वाजवायची वस्तू भुईला ठिवतोस व्हय रं? मानूस हाईस का कोन?"

मी कुंपणाबाहेरून अर्धं कोंकणीत, अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं. डोमिंगोने किटलीतल्या गरम पाण्याने हात धुतले. मग आबा वाट बघत राहिले. मी म्हणालो, आता पाया पडायचं असतं. तो काळा सूट गवतावर वाकला. आणि आबाही वाकले, त्याच्या चकचकीत बुटांना त्यांनी हात लावला, तो कपाळाला लावला आणि गिटार त्याच्या गळ्यात घातली. मडमांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग.

परतताना आबा म्हणाले, "वीनाच हाय ती. जरा खाऊन-पिऊन सुटलीय यवढंच."

पुढे गावात ते सांगायचे की भाज्याच्या लेण्यात दगडावर बायका वाजवतायत, नाचतायत, त्या अर्थी हे वाद्य मूळचं आपलंच, साहेबांनी फक्त तारा वाढवल्या. मी थापा कुणाकडून शिकलो, हे तुम्हाला कळलं असेल.

त्यानंतर डोमिंगोने गिटार खाली ठेवलेली मी कधी पाहिली नाही. चहासुद्धा गळ्यात गिटार घेऊन प्यायचा. त्यानेच मला सांगितलं की त्याचा मेव्हणा मोंबासाला रेल्वेत आहे, तिकडे फिटर हवेत, क्वार्टर मिळतं, आणि रविवारी गोवेकरांच्या क्लबात अशा चार गिटारी एकदम वाजतात. चार! मी क्वार्टरचं काही ऐकलंच नाही.

तर मी आलो. क्लबात चार नव्हत्या, दोन होत्या, आणि एकीला तार नव्हती. लोणावळ्याच्या घाटात विजेची इंजिनं आलेली बघून आलो होतो, इथे पुन्हा कोळसा आणि वाफ. सकाळी फोरमन बुवाना, म्हणजे साहेब, म्हणायचा, दुपारी शिव्या द्यायचा. पहिल्या महिन्यात मी 'पोले पोले' शिकलो, म्हणजे हळूहळू. शेडात काही मागितलं की हेच उत्तर येतं. दर वर्षी मी ठरवायचो, पुढच्या चैत्राला रजा. दर वर्षी रजा पोले पोले पुढे जायची.

आबांचं पत्र मात्र वेळेवर यायचं. ते सांगायचे, शाळेतले मास्तर लिहायचे. मास्तरांचं शुद्ध मराठी आणि त्यातून आबा डोकावायचे. पहिल्या वर्षी: सप्ताह उत्तम पार पडला, तुझा पहारा वडिलांनी केला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी खाली आपल्या मनाचं लिहिलं होतं. चार तास उभं राहणं आबांना झेपत नाही, पाय सुजतात. चुलतभाऊ सदा माझा पहारा घ्यायला तयार आहे, पण आबा देत नाहीत. म्हणतात, "त्याचा हाय. त्यो यील."

मी क्लबात सांगायचो की माझा बाप सात दिवस, सात रात्री एका पायावर उभा राहतो. लोक हसायचे. मीही हसायचो.

मग लढाई लागली. बोटींवर सैन्य, समुद्रात सुरुंग, रजा बंद. या खेपेला मला कारण शोधावं लागलं नाही. खरं कारण आयतं मिळालं आणि मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

याच दिवसांत मी ओमारीला ऐकलं. बंदरावर गोणी वाहणारा माणूस. रविवारी शेडामागच्या आंब्याखाली बसून वाजवायचा. त्याची गिटार म्हणजे खोक्याच्या फळ्या, पण त्यातून तो अंगठा आणि एकच बोट, दोघांवर तीन गिटारींचं काम काढायचा. अंगठा खाली चालत राहायचा, वाट तुडवणाऱ्या माणसासारखा, आणि बोट वर पाखरासारखं. डोमिंगो सूट घालून जे करायचा ते हा फाटक्या बनियनमध्ये करायचा. माकडं इथेही यायची, पण शिस्तीने बसायची नाहीत.

मास्तरांचं शेवटचं पत्र चार महिने समुद्रावर फिरून आलं. पाकिटावर सेन्सॉरची पट्टी. शेडात जेवणाच्या सुट्टीआधी मिळालं.

आबा आश्विनात गेले होते. ताप आला, नऊ दिवस होता, गेले. मी इथे थोडं थांबून लिहितो आहे, कारण या ठिकाणी मी काहीतरी घालावं असं हाताला वाटतं. की ते वीणा गळ्यात असताना उभ्या उभ्या गेले, की त्या दिवशी लोहगडावर ढग थांबले. मास्तरांनी लिहिलंय, घोंगडीवर गेले, सकाळची वेळ होती, आदल्या दिवशी पेज घेतली होती. तेवढंच आहे.

खाली आणखी एक ओळ होती: "येत्या सप्ताहात तुमचा बारा ते दोनचा पहारा सदाला द्यावा काय, हे कळवावे. वडिलांनी अखेरपर्यंत कुणाला दिला नाही, म्हणून आम्ही आपण होऊन देत नाही."

मी पत्र खिशात घातलं आणि बेअरिंग घासायला घेतलं. ते चांगलं बसलं. सुट्टीत चपाती खाल्ली, कुणीतरी लोणचं दिलं, ते खाल्लं. डोमिंगोच्या मेव्हण्याने विचारलं, गावाकडे सगळं ठीक? मी म्हणालो, ठीक. संध्याकाळी अंघोळ केली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण दारात कुणी येणार म्हणून बसावं आणि कुणी येऊ नये, तसं झालं. सबंध आठवडा तसाच गेला. त्या आठवड्यात मी एकही थाप मारली नाही, आणि शेडातल्या लोकांना वाटलं मला मलेरिया झाला.

रविवारी आंब्याखाली गेलो. ओमारी वाजवत होता. मी ऐकत होतो, पण कान दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. बाराच्या सुमाराला चहावाला आला आणि ओमारीने गिटार धुळीत ठेवली.

मी उठलो. बूट काढले. गिटार उचलून तिची सुतळी गळ्यात घातली आणि उभा राहिलो.

ओमारीला वाटलं, मला वाजवायचंय. "पिगा, फुंदी, पिगा," तो म्हणाला, म्हणजे वाजव, मिस्त्री, वाजव. मला वाजवता येत नाही. इतकी वर्षं गिटारींच्या मागे फिरलो, एक सूर शिकलो नाही. मी मान हलवली. तो चहा प्यायला, विडी ओढली, बंदरावरच्या गड्यांशी गप्पा मारत बसला. मी उभा होतो. लाकूड हलकं होतं, पण सुतळी मानेत रुतायला लागली. आबांच्या मानेवर डाव्या बाजूला एक काळा वण होता. तो कशाचा, हे मी कधी विचारलं नव्हतं.

उभ्या उभ्या एक हिशेब ध्यानात आला. इथे बारा वाजतात तेव्हा भाज्यात दोन वाजून गेलेले असतात. मी इथून मनात कितीही उभा राहिलो तरी माझ्या बाराला तिथला माझा पहारा संपलेला असतो. केव्हाच दुसऱ्या कुणीतरी तो ओढलेला असतो.

दोन वाजले तेव्हा ओमारी आला. हात पुढे केला. मी मागे सरलो आणि म्हणालो, आधी हात धू. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. चहावाल्याच्या बादलीत हात धुतले, पाय धुतले. पायांचं मी सांगितलं नव्हतं. पाया पडायचंही मी सांगितलं नाही. मीच वाकलो, त्याच्या ओल्या पायांना हात लावला, तो कपाळाला लावला. तो घाबरून वाकला, आमची डोकी एकमेकांवर आपटली, गडी हसले. मग गिटार त्याच्या गळ्यात गेली.

मला इथे क्वार्टर आहे, मीठ-मसाल्याचा डबा आहे, माझ्या नावाचं टपाल येतं. लोक याला घर म्हणतात, मीही म्हणतो. भाज्याला घर आहे, त्याला आता कुलूप असेल. पण माझं घर या दोन्हींतलं नव्हतं. एक माणूस माझ्यासाठी उभा होता आणि त्याच्या गळ्यातलं मला घ्यायचं होतं, ते घर होतं. डोमिंगोला ऐकलं, ओमारीला ऐकलं, दोघांची गिटार हातात धरली. जी धरायची होती ती राहिली.

त्याच संध्याकाळी मास्तरांना उत्तर लिहिलं. सेन्सॉरला खोडायला काही नव्हतं, दोनच ओळी होत्या.

पहारा सदाला द्या. बारा वाजले की लगेच द्या, माझी वाट बघू नका.