खोबरेलावर चालणारी रुफिना

रुफिनाची आणि त्या गाडीची पहिली भेट झाली, तेव्हा गाडीत आधीच कुणीतरी राहत होते.

खाण बंद पडली आणि खाणीचे साहेब घाईघाईने विमानात बसून गेले. मागे राहिले बंगले, टेनिसची जाळी आणि गाड्या. एका हिशेबनिसाच्या बंगल्यामागे टपापर्यंत वाढलेल्या गवतात ही डिझेलची गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर एक रानडुकरीण पिलावळीसकट मुक्कामाला होती. त्या डुकरिणीचा आकार सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. रुफिनाचा धाकटा भाऊ बोनिफास सांगत असेल तर ती गेंड्याएवढी होती आणि तिचा एक पाय स्टिअरिंगवर होता. रुफिनाने दार उघडले. दोघींनी एकमेकींना न्याहाळले. दोघी अंगाने भरलेल्या, दोघींच्या मागे पोरांचे लेंढार आणि दोघींनाही जागेची नड. मग रुफिनाने तिला समजावून सांगायला सुरुवात केली. रुफिना समजावून सांगू लागली की तिच्या आवाजाने समोरच्या डोंगरावरचे पोपट उडून दुसऱ्या झाडांवर जाऊन बसतात. डुकरीण बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी ती खाली उतरली आणि मान ताठ ठेवून, पोरांना पुढे घालून निघून गेली. रुफिना आत बसली. सीट अजून गरम होती.

नातेवाइकांनी दोर बांधून ती गाडी टोरुबापर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या आमच्या गावापर्यंत, ओढत आणली. तोवर आमच्या बोगनव्हिल बेटाला वेढा पडलेला होता. समुद्रावर सरकारच्या गस्तीच्या बोटी फिरत. मीठ येईना, साबण येईना, औषध येईना, मग डिझेल कुठून येणार? ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांच्या गाड्यांवर वेली चढल्या. अशा दिवसांत ही बाई गाडी घेऊन आली.

बोनिफास म्हणाला, ताईचे डोके फिरले आहे. बोनिफासच्या बोलण्याला वजन होते, कारण तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथे तो ट्रक धुवायचा. पण खाण बंद पडल्यापासून जसजशी वर्षे गेली, तसतसा त्याच्या सांगण्यात तो ते ट्रक दुरुस्तही करू लागला होता.

रुफिना खाणीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण होती. इंजिनातले तिला काही कळत नव्हते, पण तेलातले कळत होते. डिझेल म्हणजे तेल, तेल म्हणजे जळणारी वस्तू, आणि आपल्याकडे तर आईच्या आईपासून चालत आलेली नारळाची बाग आहे, असा तिचा सरळ हिशेब होता. आमच्याकडे जमीन बायकांची असते. बागेतल्या नारळाचे काय करायचे, हे ती कुणाला विचारणार नव्हती.

"बोटी अडवता येतात," ती गावासमोर म्हणाली. "नारळ कसे अडवणार आहेत, ते मला बघायचंय."

मग गावभर खोबरे किसले जाऊ लागले. रुफिना तेल काढून कढईत तापवायची आणि कान लावून बसायची. तडतड वाजते आहे तोवर तेलात पाणी आहे, आणि पाणी असलेले तेल इंजिनाला पाजणे म्हणजे पाहुण्याला कच्चे डुक्कर वाढणे, असे ती म्हणे. तडतड थांबली की तेल निववायचे, दोन दिवस गाळ बसू द्यायचा आणि मग कापडातून गाळायचे. त्यासाठी तिने चर्चमधल्या वेदीवरचे जुने कापड मागून आणले होते. पाद्रीबाबांनी दिलेही, कारण त्यांना दर रविवारी वरच्या वाडीला जायचे असे.

गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा तिच्या मागून भजी तळल्यासारखा वास आला. त्यानंतर ती ज्या वाटेने जाई, त्या वाटेवर सगळ्यांना भूक लागे आणि गावची कुत्री मागे धावत.

ही गाडी सांभाळायचे रुफिनाचे नियम होते आणि ते कुणी विचारले नाही तरी ती सांगे. गाडी उभी करायची ती नेहमी उताराकडे तोंड करून, कारण बॅटरी मेलेली आहे. ढकलून नव्हे, घरंगळत नेऊन सुरू करायची. बंद करायला चावी नाही, पंपाला बांधलेली तार ओढायची. काळा धूर निघाला तर तिला श्वास घेता येत नाही, हवेची जाळी काढून झटका. निळा निघाला तर ती पोटातलेच तेल पिते आहे. पांढरा निघाला तर ती अजून थंड आहे, जरा दम धरा. चाकात हवा राहत नसेल तर वाळके गवत ठासून भरा. आणि इंजिनाचे तेल रोज बोटात धरून चोळा. त्यात खोबऱ्याचा वास आला तर काहीतरी चुकते आहे. यातले निम्मे बोनिफासने सांगितलेले होते. हे तो सगळ्यांना सांगे आणि ती कबूल करत नसे.

दिवे लागत नव्हते, हॉर्न वाजत नव्हता. रुफिनाला हॉर्नची गरज नव्हती.

आजारी माणसे, बाळंतिणी, तारोच्या कंदांच्या राशी, चर्चची घंटा, सगळे त्या गाडीतून गेले. बेटाच्या पलीकडून चोरून होडीने आलेली औषधे तिनेच डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचवली. लोक कौतुक करू लागले आणि नेमकी तिथे सिरिलोमामांची नजर पडली.

सिरिलोमामा म्हणजे रुफिनाच्या आईचे थोरले भाऊ, कुळातले सर्वांत वयस्कर, राहायला वर काविराईला, डोंगरात. त्यांच्या गावाशेजारी ओढा खळाळत होता. ओढ्यावर चाक बसवायचे, चाकाला गाडीचा अल्टरनेटर जोडायचा, म्हणजे वीज. त्या विजेवर त्यांना दवाखान्याच्या खोलीत दिवा लावायचा होता. चाक त्यांनी करूनही ठेवले होते. कमी होती ती फक्त अल्टरनेटरची, आणि साऱ्या खोऱ्यात कुणाच्या गाडीचा तो शिल्लक नव्हता.

मामांचे मागणे चुकीचे नव्हते, हीच पंचाईत होती. मोठा माणूस मागतो आहे, दवाखान्यासाठी मागतो आहे, आणि नाही म्हणायचे कसे?

रुफिना नाही म्हणाली.

कुळाची बैठक झाली. मामांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "पोरी, ही गाडी आज ना उद्या मरणारच आहे. मेल्यावर तुझ्या काय कामाची?"

"मेल्यावर न्या," रुफिना म्हणाली. "जिवंतपणी तिच्या अंगाला हात लावू देणार नाही."

शेवटी असे ठरले की गाडी स्वतःच्या बळावर चालते आहे तोवर ती रुफिनाची. ज्या दिवशी ती माणसांना चढावर ढकलावी लागेल, त्या दिवशी अल्टरनेटर काविराईचा. उतारावर घरंगळणे धरायचे नाही, हे रुफिनाने भांडून घातले. मामा हसून मान्य करून गेले. ते म्हातारे होते, पण घाईत नव्हते.

तेव्हापासून बोनिफास रोज गाडीखाली शिरू लागला. त्याचे म्हणणे, तो ताईसाठी नाही, आपल्या नावासाठी शिरतो आहे. वर्कशॉपमधल्या माणसाच्या घरातली गाडी ढकलली गेली तर लोक काय म्हणतील.

मग काविराईला मोठी मेजवानी ठरली. दोन गावांमधले जुने भांडण मिटवायचे होते, दोन्ही बाजूंनी डुकरे द्यायची होती. टोरुबाचे लोक चालत निघणार होते. रुफिनाने जाहीर केले की आपल्या वाटचे डुक्कर गाडीतून येईल. बोनिफासने सांगून पाहिले की इतक्या वर ही गाडी कधी गेली नाही. रुफिना म्हणाली की म्हणूनच न्यायची आहे.

गाडी गेली. पहिल्या गिअरमध्ये कण्हत, धापा टाकत, वाटेत दोनदा उकळून, पण गेली. डुक्कर मागच्या सीटवर होते आणि चालणाऱ्यांकडे खिडकीतून बघत होते. रुफिनाने सगळ्यांना दिसेल अशा बेताने, गावाच्या वरच्या टोकाला, मोकळ्या वाऱ्यात, उताराकडे तोंड करून गाडी लावली. मामांनी येऊन बॉनेटवर हात फिरवला. त्यांचा हात अल्टरनेटर होता त्याच बाजूला फिरला.

मेजवानी झकास झाली. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर केळीच्या पानांत गुंडाळून डुकरे आणि रताळी शिजली, भांडण मिटले, सगळे तुडुंब जेवून झोपले.

सकाळी रुफिनाने ब्रेक सोडला. गाडी घरंगळली, घरंगळत उताराच्या खाली गेली आणि तिथे गप्प उभी राहिली. धूर नाही, आवाज नाही.

बोनिफासने टाकीचे झाकण काढले, आत बोट घातले आणि बाहेर काढले. बोटाला पांढरे, घट्ट, लोण्यासारखे खोबरेल चिकटले होते. टोरुबाला ही गाडी रोज रात्री रुफिनाच्या चुलीच्या भिंतीला टेकून झोपायची. तिथे तेल कधी गोठले नाही, आणि रुफिनाला वाटायचे की गाडीला आपली सोबत आवडते. इथे ती रात्रभर डोंगरवाऱ्यात उघडी होती.

आता पुढे चढ होता. मामा काठी टेकत आले. त्यांच्या मागे दोन माणसे होती आणि एकाच्या हातात पाना होता. पाना त्याने पाठीमागे धरला होता, पण मामांचीच माणसे ती, पाठीमागे धरूनही सगळ्यांना दिसेल असाच.

"ढकलायची का, पोरी?" मामांनी अगदी मायेने विचारले.

 रुफिना वळून मेजवानीच्या खड्ड्याकडे चालू लागली. राखेखालचे दगड अजून गरम होते. तिने ते बांबूच्या चिमट्याने उचलून केळीच्या पानांत गुंडाळले, आणले आणि टाकीखाली एकावर एक रचले. टोरुबाच्या बायकांना सांगायची गरज पडली नाही, त्याही दगड आणू लागल्या. रताळी उकडायच्या हंड्यात पाणी तापवून तिने ते नळ्यांवर आणि फिल्टरवर ओतले. काविराईच्या एका म्हाताऱ्याने विचारले की गाडी खायची आहे का.

"चालली नाही तर हिला इथेच शिजवीन," रुफिना म्हणाली, "पण ढकलू देणार नाही."

टाकीतले तेल हळूहळू पातळ झाले, पण नळ्यांत हवा अडकली होती. ते काम रुफिनाला येत नव्हते. ती बोनिफासकडे बघत राहिली. तिने त्याच्याकडे कधी काही मागितले नव्हते, आताही मागितले नाही.

"बघतेस काय, ताई," बोनिफास म्हणाला. "पंप दाबायला बस."

तो बॉनेटमध्ये शिरला. नट सैल करायचा, रुफिनाने हातपंप दाबायचा, फसफस करीत बुडबुडे निघायचे, निव्वळ तेल आले की नट आवळायचा. असे त्याने एकामागून एक सगळे केले. अर्धा वेळ तो सांगत होता की खाणीत त्याने याहून मोठी इंजिने अशीच जिवंत केली. कुणी हसले नाही.

पण गाडी उताराच्या तळाला होती. पुढे चढ, मागे ज्यावरून आली तोच उतार. सुरू करायची कशी? तेव्हा बोनिफासला बाजूची ओढ्याकडे उतरणारी पायवाट दिसली. गाडी तिकडे वळवायला माणसे लागली. मामांच्या माणसाने लगेच तक्रार केली की ही ढकलली. रुफिनाने त्याला विचारले की चढ कुठे आहे ते दाखव. सपाटीवर चढ दाखवणे त्याला जमले नाही.

गाडी ओढ्याकडे घरंगळली, तीनदा खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. सगळ्या काविराईला भज्यांचा वास आला. रुफिना ओढ्याच्या काठाने, मामांच्या तयार पाणचक्कीला वळसा घालून, चढ चढून रस्त्याला लागली. मामांजवळून जाताना तिने गाडी हळू केली, थांबवली नाही.

"मामा, दिव्यासाठी तेल पाठवते," ती म्हणाली. "खोबरेलावर दिवाही लागतो."

तिने खरेच पाठवले. वेढा संपेपर्यंत पाठवत राहिली.

वेढा उठला तेव्हा पहिल्या जहाजाबरोबर खरे डिझेल आले. इतकी वर्षे नारळावर राबलेल्या गाडीला आता एकदा चांगले जेवण द्यायचे म्हणून रुफिनाने टाकी काठोकाठ भरली. त्या डिझेलने टाकीत साचलेला खोबऱ्याचा सगळा चिकट थर सुटा केला आणि तो पंपात जाऊन बसला. गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर गाडी थांबली. रुफिनाने आणि बोनिफासने ती ढकलली आणि दुसऱ्याच दिवशी, अल्टरनेटर घेऊन जा, असा निरोप तिने स्वतःहून काविराईला धाडला.

सिरिलोमामांनी अल्टरनेटर नेऊन ओढ्यावर बसवला. दिवा लागला नाही. अल्टरनेटर खाणीच्या काळापासूनच जळालेला होता.