बायकोचा गाऊन

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरी आलो, तेव्हा लघवीची नळी आणि पिशवी अंगाला तशीच होती. पॅन्ट चढेना. पायजम्याची नाडी टाक्यांवर काचायची. शेवटी बायकोने स्वतःचा सुती गाऊन पुढे केला.

"घाला हो, घरात कोण बघतंय?"

घातला, आणि अंगाला पहिल्यांदा बरं वाटलं. आपण कपडे अंगासाठी कमी आणि लोकांसाठीच जास्त घालतो.

संध्याकाळी शाळेपासूनचा मित्र आला. मी घाईने आतल्या खोलीचं दार लोटलं.

"झोपलेत," बायको म्हणाली.

"उद्या मुलाकडे कायमचा चाललोय, वहिनी. आता भेट व्हायची नाही."

तो बराच वेळ बसला. मी दाराआड पिशवी धरून उभा होतो. तो गेला, तरी माझ्याने हाक मारवली नाही.