नाव नसलेलं पान

सुशांतच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसलं त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याच चुकीला सुशांत जबाबदार राहिला नाही.

सोफ्यावर ओला टॉवेल पडला, की तो छातीवर हात ठेवायचा. "मी असा नव्हतो गं. हा प्राणीच ऐषारामी दिसतोय." चार पिढ्या मासळी न शिजलेल्या घरात त्याला सुकटीचा वास आवडायला लागला, तोही "त्याचाच" दोष. कुमुद टॉवेल उचलायची. नवऱ्याला बोलावं, तर टोला आतल्याला बसायचा. ज्याच्या घरच्यांनी रडता रडता दुसऱ्याच्या जिवाचा विचार केला, त्याला टॉवेलवरून काय बोलणार?

दात्याचं नाव हॉस्पिटल सांगत नाही. त्यामुळे आभार मानायला पत्ता एकच होता. दुपारी सुशांत पेपर तोंडावर घेऊन झोपला, की ती त्याच्या छातीला कान लावायची. आत ठोके शिस्तीत चाललेले असत.

"थँक्यू हं," ती कुजबुजायची.

"कशाबद्दल?" सुशांत जागा होऊन विचारायचा आणि स्वतःवर खूश होऊन हसायचा. याच हसण्यासाठी तिनं देव पाण्यात ठेवले होते. म्हणून तेही चालवून घ्यायची.

यंदा तिनं ठरवलं, सर्वपित्रीला त्या माणसाचं पान वाढायचं. ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो दिवस असतोच.

"पानात सुकट ठेव," सुशांत म्हणाला. "त्याला आवडते."

"तुम्हाला खारट बंद आहे."

"मला कुठे? त्याला!"

गव्हाणची गुणाबाई सुक्या मासळीची टोपली घेऊन सोसायटीच्या गेटाशी बसायची. कुमुदनं तिला सगळं सांगितलं.

गुणाबाईनं माश्या वारल्या. "आमी मानसाला आवडायचं त्ये पानात ठेवतो. तुमचं मानूस बाप्या व्हता का बाई?"

"ते... माहीत नाही."

"मंग सुकट कोनी सांगितली?"

"ह्यांनी."

"मंग त्यांनाच पायजेल," गुणाबाई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

अमावास्येला गच्चीवर पान मांडलं. वरणभात, खीर, वडे, भाजी. सुकट नव्हती. कावळे टाकीवर बसून बघत होते, पण खाली येईनात. ऊन चढलं. तीन वर्षांचे आभार असे परत आले तर?

"बघ," सुशांत म्हणाला. "सुकट नाही म्हणून रुसलाय."

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्याला शब्द द्यावा लागतो, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. मुलाबाळांचं बघू, शेत विकणार नाही, असं काहीतरी. पण या माणसाला काय सांगायचं? त्याचं शेत कुठलं, पोरं कोणती? तिनं हात जोडले. म्हणाली,

"तुम्ही दादा असा की ताई असा. यापुढे ह्यांच्या खोडींचं खापर तुमच्यावर फोडू देणार नाही. शब्द आहे माझा."

टाकीवरचा मोठा कावळा उतरला आणि वडा उचलून गेला.

"योगायोग," सुशांत म्हणाला. पण जरा दबकून. "आणि ताई काय, ताई? पुरुषाचंच असणार."

"असेलही," कुमुदनं डोळे पुसले. "आता शब्द मात्र देऊन बसलेय."

खाली आल्यावर सुशांतनं चहा घेतला, कप सोफ्याच्या हातावर ठेवला आणि पाय लांब केले.

"कप उचला," कुमुद म्हणाली.

त्याचा हात सवयीनं छातीकडे गेला. कुमुद खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर केबलच्या वायरीवर कावळा होता. तोच की दुसरा, कुणास ठाऊक.

सुशांतनं हात खाली घेतला आणि कप उचलला.

"विसळूनही ठेवा," कुमुद म्हणाली.